एकाच वेळी सुटलेले निरोप

रोज दुपारी डबा उघडायच्या आधी दक्षता आईला फोन करायची. ती ठाण्याला ऑफिसात आणि आई डोंबिवलीच्या मासळी बाजारात, मासळीची फाटी, म्हणजे टोपली, पुढ्यात घेऊन पाटावर बसलेली. बोलणं जवळजवळ ठरलेलं असायचं.

"आये, काय आणलंस आज?"

"कोलंबी. थोडे निवटे. तू काय नेलंस डब्यात?"

"बटाटा."

"कोळ्याची पोर आन् बटाटा खाते. तुझ्या बापानं पायलं असतं तर खाडीत उडी टाकली असती."

एवढं झालं की दोघींचा दिवस पुढे सरकायचा. तोच फोन पुढे कित्येक महिने बंद पडला. तो कशामुळे बंद पडला हे आठवलं की चिंबोरपाड्यातली माणसं आजही विषय बदलतात.

चिंबोरपाडा म्हणजे डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला लागून असलेली जुनी वस्ती. भोवती पंधरा-वीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले, तरी पाडा आहे तिथेच आहे. दक्षताचा बाप ती शाळेत असतानाच गेला. आई मालन हिचं माहेर त्याच पाड्यात, दोन आळ्या सोडून. त्यामुळे पोरीच्या वाट्याला बापाच्या जागी मामा आला. नाथामामा टेम्पो चालवायचा. पहाटे मासळी, दिवसा मिळेल ते भाडं. दक्षताला कॉम्प्युटर शिकायचा म्हटल्यावर कुणाच्या तरी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर त्याने टेम्पोत घालून आणला, तोही मासळीच्या गोणपाटात गुंडाळून. पुढे वर्षभर तो सुरू केला की गरम होऊन सुक्या बोंबलाचा वास मारायचा. मामा सगळ्यांना सांगत सुटला, "आमच्या दक्षीचा कॉम्प्युटर कोळ्याचा हाय. जातीवर गेला."

मामाला गंभीर राहणं जमायचंच नाही. लग्नघरात तर जमायचं नाहीच, पण मयताच्या घरीही तो कोपऱ्यात बसून असं काही बोलायचा की रडणाऱ्या बायकांना पदर तोंडात कोंबावा लागायचा. "मेल्या, तुला कुठं काय बोलावं कळत नाय," म्हणून मालन त्याला चारचौघांत झापायची, आणि झापता झापता स्वतःच हसायची.

दक्षता शिकली, वेबसाइटी बनवणाऱ्या कंपनीत लागली, लग्न होऊन दिव्याला राहायला गेली. तिथे नळाला पाणी कमी आणि बिल्डिंगी जास्त, पण ठाण्याचं ऑफिस जवळ पडायचं. ऑफिसातलं तिचं मुख्य काम रांगेचं होतं. वेबसाइटवर माणूस एक बटण दाबतो. त्यातलं लगेच उरकण्यासारखं काम तिथल्या तिथे होतं. वेळखाऊ काम, म्हणजे समजा हजार जणांना पावत्या पाठवणं, हे मागे एका रांगेत लावून ठेवायचं असतं. रांगेच्या तोंडाशी एक प्रोग्राम बसलेला असतो, त्याला वर्कर म्हणतात. तो पहिलं काम उचलतो, संपवतो, मग दुसरं उचलतो. बटण दाबणारा माणूस मोकळा होतो. कामं फार साठली तर एकाच्या जागी दहा वर्कर बसवायचे. दहा जण दहा कामं एकदम उचलतात आणि रांग बघता बघता संपते. कोणाचं काम आधी संपेल ते मात्र सांगता येत नाही.

पाड्याचं आणि या रांगेचं नातं जुळलं ते निरोपामुळे.

पाड्यात हळद असो, गावकीची बैठक असो की मयत, घरोघर निरोप जातो. पूर्वी हे काम मोरू नावाचा एक माणूस करायचा. तो गेला आणि त्याच्या जागी कुणी उभं राहिलं नाही. पाड्याच्या मंडळाचे सेक्रेटरी मारुतीदादा एक दिवस दक्षताला म्हणाले, "तू एवढी शिकलीस, गावाला काय उपयोग? व्हॉट्सॲप नको सांगू. आपल्या निम्म्या बाया वाचत नायत. आन् एक ध्यानात ठेव, एक घर सुटता कामा नये. ज्याच्या घरी निरोप नाय, तो वाळीत. आपल्या आजोबांच्या वेळेपासून हेच हाय."

दक्षताने विचार करून फोनची योजना केली. मारुतीदादांनी मंडळाच्या खोलीत बसून पडद्यावर नाव, कारण आणि वेळ निवडायची आणि बटण दाबायचं. मग पाड्यातल्या प्रत्येक घरात फोन वाजणार आणि रेकॉर्ड केलेला आवाज निरोप सांगणार. आवाज कुणाचा, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं.

एका रविवारी खोलीची खिडकी लावून ती बोलायला बसली. वाक्यं तुकड्यातुकड्यांनी म्हणायची होती. हळदीचं वाक्य वेगळं, बैठकीचं वेगळं, दुःखाचं वेगळं. मधे नावाची जागा रिकामी. नावं मात्र एकदाच म्हणायची. हळदीच्या यजमानाचं नाव लागलं तरी तेच, दुसऱ्या कशाला लागलं तरी तेच. मशीन जोडून घेणार. नाथामामा उगाचच येऊन शेजारी बसला होता. दुःखाचं वाक्य ती आवाज खाली करून म्हणाली, तर हा म्हणतो, "एवढं रडकं नको बोलू, मेलेला उठून बसंल."

मग मारुतीदादा वहीतली नावं वाचायला लागले आणि ती एकेक म्हणायला लागली. मामाचं नाव आलं. "नाथा हिराजी भोईर," ती म्हणाली.

"श्रीमंत लाव की फुडं," मामा म्हणाला, आणि तिला हसू फुटलं, आणि तिच्या हसण्याला मामा खदखदून हसला. ते सगळं रेकॉर्डात गेलं.

"थांब, परत घेते," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं. माझ्या नावामागं हशा पायजेच. पोराच्या हळदीला लोकांना कळंल, हा नाथाचाच निरोप."

तिने ते राहू दिलं.

योजना चालली. बटण दाबलं की पहिला फोन जायचा सुमतीला. सुमती म्हणजे पाड्यातली पोक्त बाई. मयताच्या वेळी अगदी जवळच्या माणसाला फोनवर सांगायचं नाही, ही रीत. बहिणीला, लेकीला, आईला कुणीतरी जाऊन भेटतं. "त्याला बरं नाय, चल घरी" एवढंच म्हणतं, पाणी पाजतं, हाताला धरून आणतं आणि घराच्या जरा अलीकडे खरं काय ते सांगतं. ते काम सुमतीचं. तिच्यानंतर बाकीची घरं, आळीमागून आळी. रांगेला वर्कर एकच होता. तो एक फोन लावायचा, तो संपला की दुसरा. शेवटच्या आळीला पोचेपर्यंत दुपारची संध्याकाळ व्हायची.

लोक कुरकुरायला लागले. खालच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याला फोन गेला तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. नाथामामाने दक्षताला गाठलं. "काय गं, तुझा कॉम्प्युटर बैलगाडीतून येतो का? खालच्या आळीला निरोप पोचेपर्यंत माणसाची राख होते."

ते तिला लागलं. ऑफिसात ती रोज जे करायची तेच तिने पाड्यासाठी केलं. एकाच्या जागी वीस वर्कर बसवले. फार काही बदलावं लागलं नाही, एक आकडा तेवढा बदलला. त्याच आठवड्यात एका घरच्या हळदीचा निरोप अख्ख्या पाड्याला दहा-बारा मिनिटांत पोचला. मारुतीदादांनी तिचा नारळ देऊन सत्कार केला. मालनला तिने दुपारच्या फोनवर समजावून सांगितलं, "आये, आधी निरोप सांगायला एकच माणूस होता असं समज. आता वीस ठेवले. सगळे एकदम सुटतात."

"वीस? मग त्यांना जेवायला काय घालतेस, बटाटा?"

त्यानंतर बैठका झाल्या, साखरपुडे झाले. मयत मात्र पाड्यात बरेच दिवस झालं नाही.

त्या दिवशी दक्षताने डबा काढला आणि ती फोन लावणार, तेवढ्यात आईचाच फोन आला. आई कधी आपणहून फोन करत नसे.

"दक्षे, कामधंदा नाय का गं तुला? भर बाजारात असली मस्करी करतात?"

"कसली मस्करी?"

"वर मलाच विचार! आता फोन केलास तो? मी हॅलो हॅलो करते, तू आपली बोलतच सुटलीस. तोंड पाडून बोलतेस नाथा गेला, आन् तो मेला मागं खदाखदा हसतोय. शेजारच्या बाया घाबरल्या ना! दे त्याला फोन. कुठं हाय तो? तुझ्या हापिसात आयलाय का टेम्पो घेऊन?"

दक्षता फोन घेऊन जिन्यात आली. आईचं बोलणं तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं ते सगळं एकदम कळलं. असा फोन कोण करतं, ते कोणत्या बटणावर होतं आणि ते बटण मारुतीदादा कधी दाबतात, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? मामा गेला होता. ही बातमी तिला पाड्यातून कुणी सांगितली नव्हती. सासरी गेलेल्या मुलींचे नंबर त्या यादीत नव्हते. ही बातमी तिला आई सांगत होती, आणि आईचा त्या बातमीवर विश्वास बसलेला नव्हता.

तिने आईचा फोन स्पीकरवर टाकला आणि मोबाइलच्या त्याच पडद्यावर रांग उघडली. हिरव्या खुणा भराभर वाढत होत्या. पहिला फोन सुमतीला गेलेला होता. सुमती पाड्यातून निघून बाजारात पोचायला रिक्षाने अर्धा तास. आणि त्याच क्षणी उरलेले एकोणीस वर्कर एकोणीस घरांचे फोन लावायला सुटले होते, त्यात एक घर मालनचं, आणि त्या घरचा नंबर म्हणजे तिचाच मोबाइल. एकही घर सुटता कामा नये.

"गप का झालीस? दक्षे?"

"हां, आये."

"मस्करीच ना?"

आईच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. मागे बाजाराचा गलका चालू होता. कुणीतरी पापलेटचा भाव विचारत होतं. आई तिथे एकटी, पुढ्यात फाटी, हातात कोयता. तिला आता खरं सांगितलं तर धरायला कोण आहे? सुमती वाटेत आहे. थोडाच वेळ काढायचा आहे.

"हो," दक्षता म्हणाली. "मस्करीच केली. चुकलं."

"शरम वाटू दे जरा. दोघांनाबी. संध्याकाळी ये, सांगते तुमाला," मालन म्हणाली, आणि हसली. नक्की हसली. ते हसणं दक्षताने ऐकलं आणि फोन कट झाला.

मारुतीदादांना फोन लावला तर ते रडत होते. मामा धक्क्यावर टेम्पोत मासळी चढवत होता. छातीला हात लावून खाली बसला, "जरा पाणी द्या" म्हणाला, आणि पाणी येईपर्यंत गेला. डॉक्टरने बघितलं आणि मान हलवली. "मी काय केलं, पहिलं बटण दाबलं," मारुतीदादा सांगत होते. "सुमतीला कळवायला पायजे ना आधी? तुझ्याच आवाजात... अगं, माझ्या फोनवर पण आला. तो हसला गं. नाथा हसला. माझ्यासमोर चटईवर पडलाय आन् माझ्या कानात हसतोय."

पाड्यात त्या दहा मिनिटांत काय झालं ते पुढे जो तो सांगायचा. घरोघर फोन वाजले. दुःखद बातमी, नाथा हिराजी भोईर, आणि मग पोरीचं हसू आणि नाथाचं खदखदणं, आणि लगेच खालच्या आवाजात, यांचे निधन झाले आहे. बायका चुलीपासून उठून दारात आल्या. कुणी म्हणालं, नाथाचीच ही करणी. कुणी फोन फेकून दिला. एक म्हातारी त्या फोनशी बोलत राहिली, "नाथा, अरे नाथा, कुठून बोलतोस?" धक्क्याकडून रडं ऐकू आलं तेव्हा कुठे सगळ्यांचे पाय हलले.

बाजारात सुमती पोचली तेव्हा मालन गिऱ्हाइकाला कोलंबी निवडून देत होती. सुमती रीतीप्रमाणे म्हणाली, "मालन, चल घरी. नाथाला बरं नाय."

मालनने तिच्याकडे बघितलं. "तुलाबी सामील केलं काय त्यांनी?"

मालनलाही तो फोन गेलाय हे सुमतीला ठाऊक नव्हतं. ती गप्प राहिली. आणि सुमतीच्या त्या गप्प राहण्यातून मालनला सगळं समजलं. लोक सांगतात की ती ओरडली नाही. हातातली कोलंबी तिने एकेक करून परत फाटीत ठेवली.

दक्षता घरी पोचली तेव्हा आई मामाच्या पायांशी बसली होती. पोरगी जवळ येऊन बसली तशी मालनने तिच्या तोंडाकडे नीट, बराच वेळ बघितलं. ती इतकंच म्हणाली, "फोनात तू खरं बोललीस तवा ती तू नव्हतीस. तू होतीस तवा खोटं बोललीस."

तिने पोरीला दूर लोटलं नाही. दहाव्याला खाडीवर, तेराव्याला घरात, दोघी शेजारी शेजारी बसल्या. समोरासमोर मालन बोलायची, जेव म्हणायची, केसाला तेल लाव म्हणायची. पण फोन नाही. दुपारी फोन वाजला आणि पडद्यावर पोरीचा फोटो दिसला की ती तो पालथा करून फाटीजवळ ठेवून द्यायची. वाजून वाजून बंद व्हायचा. दक्षता तरी रोज लावायची. डबा पुढ्यात तसाच, आणि कानाला ती रिंग.

गावकीच्या बैठकीत मारुतीदादा म्हणाले, "यंत्राला काय कळतं, पोरीला दोष देऊ नका."

"यंत्राचं काही चुकलं नाही दादा," दक्षता उभी राहून म्हणाली. एवढ्या माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती. "आधी रांग हळू होती. सुमतीकाकू जवळच्या माणसाच्या घरी पोचायची, त्यानंतर तासा-दोन तासांनी त्या घरचा फोन वाजायचा. मला वाटायचं ती नुसती दिरंगाई. रीत त्या दिरंगाईनंच सांभाळली जात होती, आणि मी तीच काढून टाकली. सुमतीकाकूचं सांगून होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, हे मी कुठं लिहिलंच नव्हतं."

कुणी म्हणालं, बंदच करा ते. कुणी म्हणालं, मग खालच्या आळीचं काय? वाद वाढला. दक्षताने सांगितलं ते असं, की मयताच्या वेळी सगळे निरोप रांगेत लागतील, पण जाऊन सांगणाऱ्या बाईचा सोडला तर एकही फोन लागणार नाही. ती बाई "सांगितलं" म्हणून स्वतः कळवेल, मगच दक्षता बटण दाबून बाकीचे सोडेल. दुःखाच्या निरोपात आधी रेकॉर्ड केलेली नावं लागणार नाहीत, नाव त्या वेळेला मारुतीदादा आपल्या तोंडाने बोलतील.

"आन् सुमती एकटी किती जणींकडं धावंल?" मागून कुणीतरी विचारलं.

त्यावर मालन उठली. भावाला जाऊन महिनाही झाला नव्हता. "माझ्याकडं सुमती उशिरा पोचली," ती म्हणाली. "फुडच्या बाईकडं मी जाईन."

बैठक तिथेच संपली.

पुढचं मयत झालं ते वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याचं. त्याची लेक रचना टिटवाळ्याला दिलेली. दक्षताच्या पडद्यावर निरोपांची रांग येऊन उभी राहिली आणि पहिला फोन जाऊन तिथेच थांबली. वीसही वर्कर रिकामे बसून होते. तिचं ऑफिसचं काम हातातून सुटलं. मारुतीदादांचा फोन आला, "लोक विचारतायत गं, सोड की."

"नाही दादा."

"अगं, तासावर झाला. आता तरी..."

"नाही."

तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. सुमती कळवेल असं ती धरून चालली होती. शेजारी फोन वाजला तेव्हा तिने सुमतीचंच नाव बघितलं असं तिला वाटलं. मग नीट बघितलं. आई.

"हॅलो," दक्षता म्हणाली.

पलीकडे आईचा श्वास, आणि मागे कुणा बाईचा हुंदका.

"तूच हायस ना?" मालनने विचारलं.

"मीच, आये."

"ते नको. ते मशीनपन बोलंल. दुसरं काय तरी बोल."

समोर उघडा डबा होता. "आज पण बटाटाच आणलाय," ती म्हणाली.

"हां," मालन म्हणाली. "तूच." मग तिने नाक ओढलं. "रचनाला सांगितलं. पानी पाजलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली हाय. सोड आता तुझी माणसं."

दक्षताने बटण दाबलं. हिरव्या खुणा एकामागून एक उमटायला लागल्या. फोन तिने कानावरून काढला नाही, आणि पलीकडून आईनेही ठेवला नाही.